सोळा एके सोळा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे त्याला जुन्या गव्हर्नरच्याच नावाने हाक मारतात. त्या रस्त्यावरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जरा वेळ नुसतं उभं राहावं. एक वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही: "डिस्प्ले येत नाही." गिऱ्हाईक मराठी असो, गुजराती असो की आणखी कुठलं, तक्रार एवढीच असते, आणि ती सांगताना प्रत्येकाचा आवाज दवाखान्यात आल्यासारखा खाली येतो. काउंटरमागचा मुलगा मान वर न करता विचारतो, "रॅम काढून घातली का?" ह्या रस्त्याचं सगळं तत्त्वज्ञान त्या प्रश्नात आलं. जगातल्या निम्म्या दुखण्यांवर काढून पुन्हा घालणं हा उपाय आहे, आणि उरलेल्या निम्म्यांवर बंद करून पुन्हा चालू करणं. ह्या दोहोंनी जे बरं होत नाही ते मुळात दुखणं नव्हतंच, ते प्रारब्ध होतं.

पण ह्या दुखण्याचा एक सूक्ष्म, जवळजवळ वेदान्ती म्हणावा असा प्रकार आहे. त्यात डिस्प्ले येतो. पडदा उजळतो, घड्याळ दिसतं, माऊस फिरतो, गाणंसुद्धा वाजतं. फक्त ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप केला, जिच्यावर निम्मे पैसे गेले, ते ग्राफिक्स कार्ड यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसतं. ते आत असतं, काचेतून दिसत असतं, हात लावला तर हाताला लागतं. आणि यंत्र अत्यंत शांतपणे सांगत असतं की ती जागा रिकामी आहे. जे दिसतं ते नाही, असं ऋषींनी सांगितलं तेव्हा आपण माना डोलावल्या. तेच कॉम्प्युटरने सांगितलं की मात्र बिलाची पावती शोधायला लागतो.

माझ्या भाच्याच्या नव्या कॉम्प्युटरला नेमकं हेच झालं. बारावीची परीक्षा संपली आणि ताईने कबूल केल्याप्रमाणे त्याला कॉम्प्युटर बांधायची परवानगी मिळाली. आमच्या पिढीने घरं बांधली, निदान बांधायचे बेत केले; ही पिढी कॉम्प्युटर बांधते, आणि वास्तुशांतीच्या गांभीर्याने बांधते. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असा एकेक खोका लॅमिंग्टन रोडवरून लोकलने बोरिवलीला आला. कॅबिनेटला मालडब्यात माशांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी जागा मिळाली. कार्डाचा खोका मात्र भाच्याने दादर गेलं, अंधेरी गेलं, तरी छातीशी धरून ठेवला होता. "अरे, खाली ठेव, कुणी नेत नाही," मी म्हटलं. "मामा, धक्का लागेल," तो म्हणाला. त्याला स्वतःला प्रत्येक स्टेशनात धक्के बसत होते, त्यांची त्याच्याकडे नोंद नव्हती.

जेवणाचं टेबल रिकामं करून जोडणी झाली. ताईने कॅबिनेटच्या काचेवर, ती खरोखर काच आहे आणि आत वीज जाणार नाही ह्याची दोनदा खात्री करून घेऊन, हळदकुंकवाचं बोट टेकवलं. सगळ्यांत शेवटी कार्ड. काळंभोर अंग, दोन पंखे, आणि खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची लांबलचक रांग. भाच्याने ते स्लॉटमध्ये दाबलं तेव्हा "टक्" असा आवाज झाला. निदान तो ऐकल्याचं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. स्क्रू आवळला, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आधी जांभळे, मग निळे, मग कुठल्याच मनःस्थितीला न शोभणारे. मॉनिटर मात्र काळाच. भाच्याने मॉनिटरची केबल कार्डातून काढली आणि जरा वर, मदरबोर्डाच्या स्वतःच्या खाचेत खोचली. लगेच चित्र आलं. बायोसच्या पडद्यावर मदरबोर्डाचा एक नकाशा होता, त्यातल्या पहिल्या मोठ्या स्लॉटवर माऊस नेला की शेजारी शेरा उमटत होता: रिकामा. आम्ही नकाशावरून नजर काढून काचेतून आत पाहिलं. रिकाम्या जागेचे दोन्ही पंखे गरगर फिरत होते.

यंत्राला खोटं पाडण्याआधी त्याची बाजू ऐकून घ्यायला हवी. आपल्याला पहिलं चित्र दिसण्याच्या कितीतरी आधी कॉम्प्युटरच्या पोटात हजेरी घेतली जाते, अगदी शाळेत पहिल्या तासाला व्हायची तशी. बायोस एकेका जागेपाशी जाऊन विचारतो, कोण आहे? तिथे जो भाग बसलेला असेल त्याने आपल्या कंपनीचा सोळा बिटांचा नंबर सांगायचा. इंटेलच्या भागांचा नंबर 8086. कंपनीच्या 1978 सालच्या गाजलेल्या चिपचंच ते नाव. एनव्हिडियाचा 10डीई. एएमडीचं रेडिऑन कार्ड असेल तर ते 1002 म्हणतं. हा नंबर मुळात एटीआय कंपनीचा. ती कंपनी 2006 साली एएमडीने विकत घेतली, पण हजेरीला कार्डं अजून माहेरचंच नाव सांगतात. आणि जागा रिकामी असेल तर? तर शून्य ऐकू येत नाही. कुणीच बोललं नाही की सोळाच्या सोळा बिट एक म्हणून वाचले जातात. सोळा एके सोळा. गैरहजर मुलाच्या नावापुढे पैकीच्या पैकी मांडावेत असा हा चमत्कारिक रिवाज, पण यंत्राला त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो: इथे कुणी नाही, पुढे चला. बायोसला डोळे नसतात. त्याला फक्त "हजर" एवढंच ऐकू येतं. पहिल्या बाकावर बसून नाव पुकारल्यावर गप्प राहिलेला मुलगा त्याच्या लेखी गैरहजरच.

मग पंखे कसे फिरत होते? तर वीज वेगळ्या वाटेने येते आणि ओळख वेगळ्या वाटेने. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून थेट केबल आणावी लागते. आठ पिनांची ती केबल 150 वॅट देते. तिचं टोक मोठं मजेशीर असतं: सहा पिनांचा एक तुकडा, आणि त्याच्या शेजारी करंगळीसारखा लोंबणारा दोन पिनांचा दुसरा. दोन्ही जुळवून, एकाच दमात दाबायचे, नाहीतर करंगळी बाहेर राहते. आमची करंगळी नीट आत होती. कार्डाला वीज मिळत होती, पंखे फिरत होते, अंगावरचे दिवे लागत होते. फक्त त्याचं म्हणणं कुणापर्यंत पोचत नव्हतं. पोटाला मिळतंय म्हणजे कुणी ओळखतंय असं नाही, हे मुंबईत नव्याने राहायला आलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

बातमी जिन्याने पसरली. घरात मोठा आजार आल्यावर माणसं येतात तशी माणसं आली आणि प्रत्येकाने आपापला अनुभव बरोबर आणला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना अर्थिंगचा संशय होता. त्यांना एकंदर सगळ्याच गोष्टींत अर्थिंगचा संशय असतो. भाऊजींचं मत सरळ होतं, कार्ड दुकानात नेऊन आपटा. "विंडोज फॉरमॅट मारा," असं एकजण जिन्यातूनच सांगून गेला. आणि मग, अपेक्षेप्रमाणे, खोडरबर निघालं. चालेनाशा झालेल्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासणं हा आपल्याकडचा अत्यंत श्रद्धेने केला जाणारा उपचार आहे. खोडरबर नटराजचं चांगलं की अप्सराचं, ह्यावर जाणत्यांत मतभेद आहेत. दोन्ही एकाच कंपनीची आहेत हे त्यांना सांगून वाद संपवण्यात मजा नाही. तसं पाहिलं तर सोनं गंजत नाही, म्हणूनच तर त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. घासल्याने जाते ती धूळ आणि बोटांचा तेलकटपणा. पण मुलामा इतका पातळ असतो की घासणाऱ्याचा उत्साह टिकला तर सोनं टिकत नाही. भाच्याने दोन्ही हात पसरून कार्डाचं रक्षण केलं. नव्या कोऱ्या कार्डाला खोडरबर लावू देणार नाही, म्हणाला. त्याचं बरोबर होतं, तरी खोडरबर आणणाऱ्या काकूंचा हिरमोड झालेला दिसला. मदत नाकारल्यावर माणूस ज्या हलक्या आवाजात "बघा बुवा" म्हणतं, तसं त्या म्हणाल्या.

मला मात्र त्या पट्ट्यांनीच धरून ठेवलं. कार्ड बाहेर काढलेलं होतं म्हणून मी ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. एका अंगाला ब्याऐंशी पट्ट्या, दुसऱ्या अंगाला ब्याऐंशी. ओळीने उभ्या, जवळजवळ एका उंचीच्या, केसभर अंतर राखून. त्यांतल्या कित्येक बोलण्याच्या कामाला असतात, काही विजेच्या. पण टोकाशी असलेल्या मोजक्या पट्ट्यांना "मी आलो" एवढंच सांगायचं काम दिलेलं असतं, आणि त्या मुद्दाम जराशा आखूड ठेवायच्या असा नियम आहे. कार्ड पुरतं आत गेलं, बाकीच्या सगळ्या जणी जागेवर टेकल्या, की सगळ्यांत शेवटी त्या टेकतात. हा नियम ज्याने केला त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. अर्धवट आत शिरलेल्यांनीच सर्वांत आधी "मी आलो, मी आलो" असा गजर करायचा असतो, हे त्याने बऱ्याच सभासंमेलनांतून पाहिलेलं असणार.

हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. यंत्र सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात; जिथे अडचण असेल तो लागून राहतो. पूर्वी हेच काम एका छोट्या स्पीकरकडे होतं. आयबीएमच्या जुन्या पीसीवर एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या ऐकू आल्या की डिस्प्लेच्या कार्डाचं काहीतरी बिनसलंय असं समजायचं. आता शिट्टी गेली, दिवा आला, पण दिव्याखालचं नाव तेच राहिलं. व्हीजीए हे आयबीएमने 1987 साली पीएस/2 बरोबर आणलेलं. 640 बाय 480 ठिपके आणि सोळा रंग. सोळा रंगांत तेव्हा सूर्यास्त होत असे, झाडं होत असत, आणि आम्हाला ती खरी वाटत. नव्या मदरबोर्डावर त्या जुन्या केबलची खाच बहुधा नसते, ते सोळा रंग कोटींमध्ये विरघळून गेले, पण आजार अजून त्यांच्याच नावाने लिहिला जातो. आमच्या यंत्रात तोही दिवा लागून राहिला नाही. चारही दिवे विझलेले, म्हणजे प्रकृती उत्तम. यंत्राची काही तक्रारच नव्हती. तक्रार फक्त आमची होती.

रात्री कार्ड टेबलावर निजलं होतं तेव्हा मी भाच्याला जुन्या कार्डांच्या गोष्टी सांगत बसलो. आता कार्ड लावतात ते खेळांसाठी, फार तर व्हिडिओच्या कामासाठी. पण एके काळी माणसं आपली लिपी दिसावी म्हणून कार्ड लावत. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या एका थाई विद्यार्थ्याला आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचं काम आयबीएम पीसीवर थाई लिपीत करायचं होतं. आयबीएमचं एक कार्ड ठरावीक अक्षरांपलीकडे काही काढत नसे. दुसरं चित्र काढायचं, पण इतकं ढोबळ की थाई अक्षरांचे गोलावे त्यात मावेनात. तेव्हा त्याने स्वतःच एक कार्ड तयार केलं. त्यातून 1982 साली हर्क्युलीस ही कंपनी निघाली, आणि प्रबंधापायी जन्मलेलं ते कार्ड जगभरच्या ऑफिसांत हिशेबाचे तक्ते दाखवू लागलं. आपल्याकडेही ही गोष्ट घडली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. ही संस्था 1988 सालची. तिथलं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळा संसार त्या एका हिरव्या पट्टीवर. कार्ड काढलं की कॉम्प्युटर पुन्हा मराठी विसरला. एखाद्या ऑफिसात जिस्टचं कार्ड असलेला पीसी एकच असे, आणि मराठी पत्रं तेवढी त्याच्यापुढे रांग लावून उभी राहत.

भाचा ऐकत होता, म्हणजे हातातल्या मोबाइलवरून नजर अधूनमधून माझ्याकडे वळवत होता. "म्हणजे मामा, तेव्हा मराठीसाठी ग्राफिक्स कार्ड लागायचं?" तो म्हणाला. मी म्हटलं, लागायचं. त्याने बायोसच्या पडद्याकडे पाहिलं. "रिकामा" हा शेरा अजून तिथेच होता. "निदान ते कार्ड ओळखलं तरी जायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अदलाबदलीचा प्रयोग झाला. दुरुस्तीच्या सगळ्या शास्त्रांत हा प्रयोग सर्वांत प्रामाणिक. ह्याचं त्याला लावायचं, त्याचं ह्याला, आणि कोण रुसतं ते पाहायचं. शेजारच्या सोसायटीतला भाच्याचा मित्र आपल्या कॉम्प्युटरचं पोट उघडं टाकून स्वतःचं जुनं कार्ड घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून. दुसऱ्याच्या आजारासाठी स्वतःच्या धडधाकट यंत्राची शस्त्रक्रिया करणं ही सतराअठरा वर्षांच्या वयातच शक्य असलेली गोष्ट आहे. पुढे माणूस नुसता पत्ता देतो. त्याचं कार्ड लहानसं, एका पंख्याचं, वेगळ्या केबलची गरज नसलेलं. ते स्लॉटमध्ये ठेवलं मात्र, यंत्राने ओळख दाखवली. म्हणजे स्लॉट शाबूत. मग नवं कार्ड त्याच्या घरी गेलं, आणि तिथेही हजेरीला लगेच "हजर" म्हणालं. म्हणजे कार्डही शाबूत. स्लॉट चांगला, कार्ड चांगलं, वीज चांगली, आणि एकत्र आली की एकमेकांशी बोलत नाहीत. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपल्याकडे दोन घरं सोडून असंच आहे." कुठली दोन घरं ते तिने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

कोडं सुटलं ते टॉर्चच्या उजेडात. मित्राने कार्ड पुन्हा बसवलं, स्क्रू आवळला, आणि कॅबिनेट आडवं करून मान वाकडी केली. "सोनं दिसतंय," तो म्हणाला. खरंच दिसत होतं. स्लॉटच्या मागच्या टोकाला पट्ट्या पुरत्या आत होत्या. पुढच्या टोकाला मात्र काळ्या प्लास्टिकच्या वर एक अगदी बारीक, तिरकी सोनेरी रेघ उरली होती. नखाच्या जाडीचीही नाही. आपल्याकडे सोनं असलं तर ते दिसावं अशी सगळ्यांची इच्छा असते. इथे मात्र ते दिसलं म्हणजे काम बिघडलं. दोष कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यात होता. तो कुठेतरी किंचित आत वाकलेला, त्यामुळे कार्डाची पट्टी तिथे टेकतच नव्हती. स्क्रू आवळला की तो कार्डाला मागे खेचायचा आणि पुढचं टोक हळूच वर उचललं जायचं. हलक्या, आखूड कार्डाला हे जाणवत नव्हतं, लांब आणि जड कार्डाला जाणवत होतं. म्हणजे जो स्क्रू कार्ड हलू नये म्हणून लावलेला, तोच दर वेळी त्याला जागेवरून उठवत होता. अतिकाळजीचा इतका नेटका नमुना मी कारखान्यात घडवलेला प्रथमच पाहिला. एरवी तो घरोघरी हाताने घडवतात.

स्क्रू सैल केला. पत्रा पकडीने जरासा बाहेर वळवला. भाच्याने दोन्ही अंगठे कार्डाच्या दोन टोकांवर ठेवून समान दाब दिला, आणि ह्या वेळी जो "टक्" झाला तो कुणाला मान्य करावा लागला नाही. स्लॉटची छोटी खिट्टी आपली आपण उभी राहिली. मग स्क्रू, तोही बोटानेच, शेवटी एकच हलका पीळ. केबल पुन्हा कार्डात. बटण. मॉनिटर उजळला. सुरुवातीला अक्षरं जाडीभरडी होती, कारण ड्रायव्हर बसलेला नव्हता; तो बसला, पडदा क्षणभर काळा झाला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि मग चित्र आलं ते असं की ताईने ओट्यावरून हात पुसत येऊन विचारलं, "हा फोटो कुठला?" तो फोटो नव्हता, खेळातलं रान होतं. पानं वेगवेगळी हलत होती. मित्राने आपलं जुनं कार्ड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं, कांदेपोहे खाल्ले आणि घरी जाऊन आपल्या यंत्राचं पोट शिवलं.

इथे खरं तर गोष्ट संपते. मला मात्र त्या रात्री झोपताना भलताच प्रश्न पडला. कार्ड गैरहजर होतं त्या सगळ्या वेळात तो नकाशा, तो माऊस, "रिकामा" हा शेरा, हे सगळं पडद्यावर काढत कोण होतं? प्रोसेसरच्या अंगातच एक छोटं ग्राफिक्स असतं, इनबिल्ट म्हणतात ते. त्याला स्वतःचा पंखा नाही, दिवे नाहीत, स्वतःची रॅमसुद्धा नाही. मुख्य रॅममधलीच थोडी मागून घेतं. कार्डाची वाट पाहत आम्ही जितका वेळ पडद्याकडे पाहिलं, तो सगळा वेळ पडदा त्याने चालवला होता. हजेरीत त्याने पहिल्याच हाकेला "हजर" म्हटलं होतं. आणि कार्ड आल्याबरोबर बायोसने त्याला मोकळं केलं. बायोसमध्ये पहिलं चित्र कुणी काढायचं ह्याची एक ओळ असते, आणि ती बहुधा "ऑटो"वर ठेवलेली असते. ऑटोचा अर्थ, मोठं कार्ड आलं की छोट्याने बाजूला व्हायचं. बऱ्याच मदरबोर्डांवर पुढच्या हजेरीला त्याचं नावसुद्धा पुकारलं जात नाही.

आठवीत असताना आमचे गणिताचे सर आजारी पडले आणि त्यांच्या जागी काही महिने एक बदलीचे सर आले होते. सडपातळ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद केलेल्या, आवाज इतका हळू की शेवटच्या बाकाला प्रमेयाचा फक्त सारांश कळायचा. पण ते फळ्यावर खडूने वर्तुळ काढायचे, कंपास न घेता, एका दमात. खडू जिथून निघाला तिथेच येऊन मिळायचा, आणि जोड कुठे आहे ते पहिल्या बाकावरूनही दिसत नसे. काढून झालं की ते दोन पावलं मागे सरून वर्तुळाकडे पाहत, आम्ही पाहतोय की नाही ते न पाहता. सगळी प्रमेयं त्यांनी संपवली. मग एके दिवशी जुने सर बरे होऊन आले, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि बदलीचे सर केव्हा गेले ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परवा शाळेच्या ग्रुपवर मी त्यांचं आडनाव विचारलं. पन्नाशी ओलांडलेल्या चाळीसेक माणसांपैकी एकालाही ते आठवेना. वर्तुळ मात्र सगळ्यांना आठवत होतं.

कॉम्प्युटरचं हे बदलीचं खातं तसं नवं नाही. 1999 सालच्या सुमाराला ते मदरबोर्डावरच्या चिपसेटमध्ये राहायला आलं. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स 256 आणून जगातला पहिला जीपीयू अशी त्याची द्वाही फिरवली होती, त्यामुळे ह्याच्याकडे कोण बघणार. पुढे 2011 साली इंटेलने त्याला प्रोसेसरच्याच चकतीवर जागा दिली. ऑफिसांतले, शाळांतले, बँकांच्या काउंटरांवरचे बहुसंख्य कॉम्प्युटर त्याच्याच जिवावर चालतात. ज्या देवनागरीसाठी एके काळी पुण्याहून कार्ड मागवावं लागे, तीही आज तेच काढतं, जोडाक्षरांसकट, कुणी न सांगता. न ओळखलं गेलेलं ग्राफिक्स त्या कॅबिनेटमध्ये एक होतं हे खरं. फक्त ते स्लॉटमधलं नव्हतं, आणि ओळखलं नव्हतं ते यंत्राने नव्हे.

तेव्हा कॉम्प्युटर बांधायला निघणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, कार्ड बसवताना स्क्रू सगळ्यांत शेवटी आवळा, आणि आवळल्यावर टॉर्च मारून सोनं दिसत नाही ना ते पाहा. दुसरी, प्रोसेसर घेताना त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात हे इनबिल्ट ग्राफिक्स बंद ठेवलेलं असतं, म्हणून तो जरा स्वस्त मिळतो. एएमडीच्या 7000 मालिकेपासून बहुतेक रायझनमध्ये ते असतं, जुन्यांत मात्र जी हे अक्षर शोधावं लागतं. दुकानदार म्हणेल, कार्ड तर लावणारच आहात, मग इनबिल्टचे पैसे कशाला देता? द्या. कार्ड आलेलं नाही, हे सांगायला तरी घरात कुणी असावं लागतं.